कपाटातला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. या सहा वर्षांत मी एकही पेशी कुणाला दाखवलेली नाही.

मी तयार झालो त्याच सुमारास एका सरकारी पाहणीत आढळलं, की मुसलमान वस्तीतल्या शंभर मुलींपैकी दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या जेमतेम चार. अहवाल निघाला, योजना आली. वस्तीतल्या मुलींच्या शाळेला प्रयोगशाळेची खोली आणि साहित्य मिळणार होतं. त्यानंतर अकरावी विज्ञानाचा वर्ग निघणार होता. पण खोली बांधायला वेळ लागतो आणि खरेदी एका दिवसात उरकते. वर्षअखेरीला मी आलो. खोलीचा निधी मात्र मुदतीत खर्च न झाल्याने परत गेला.

कचेरीतून मोठ्या बाईंना बजावलं होतं, की साहित्य सुस्थितीत राहिलं तरच खोलीचा प्रस्ताव पुन्हा पुढे सरकेल. त्यांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. दरवर्षी तपासनीस यायचे, दारातूनच डोकावून 'सुस्थितीत' असं लिहायचे. विज्ञानाच्या बाई फळ्यावर पेशी काढायच्या. मधल्या काळात योजनेचं नाव दोनदा बदललं.

यंदा दहावीत गॅरेजवाल्या मिस्त्रींची धाकटी मुलगी होती. विज्ञानाची दुसरी शाळा दोन बस बदलून जावं लागेल इतकी लांब. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, की इथे वर्ग निघाला तर शिक, नाहीतर थोरल्या बहिणीसारखी शिवणाला बस. ती रोज खोलीची चौकशी करायची. मोठ्या बाई म्हणायच्या, तूच जाऊन बस आता कचेरीत, मला तरी जरा उसंत मिळेल.

या वर्षी नवे तपासनीस आले. ते म्हणाले, चालवून दाखवा. विज्ञानाच्या बाईंनी कांद्याचा पापुद्रा लावला आणि मिस्त्रींच्या मुलीलाच पुढे केलं.

"काय दिसतंय?"

"जाळं दिसतंय, सर."

"पेशी असतील."

तिने माझं डोळ्याजवळचं भिंग हळूच फिरवलं.

"नाही सर. भिंगाबरोबर जाळंही फिरतंय. ते कांद्यात नाही, यंत्रात आहे."

तिचं निरीक्षण अचूक होतं. बंद पिशवीतल्या दमट हवेत माझ्या भिंगांवर बुरशी चढली होती. तपासनिसांनी 'नादुरुस्त' लिहिलं आणि खाली शेरा मारला: या शाळेत दिलेलं साहित्य टिकत नाही. खोलीचा प्रस्ताव तिथेच मिटला.

ते गेल्यावर मोठ्या बाई खुर्चीत बसूनच राहिल्या. "पेशी दिसतात म्हणायचं होतंस गं," त्या म्हणाल्या.

"पण दिसत नव्हत्या, बाई."

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, ज्यांच्यासाठी आणली त्यांच्या हातात द्या. त्यांच्या हातून फुटली तर फुटू द्या. माझ्यावर साधा ओरखडाही नाही, तरी मी निकामी झालो.

ती मुलगी आता शिवणाला बसते. विज्ञानाच्या बाई परवा सांगत होत्या, घरातल्या सगळ्यांच्या सुयांत दोरा तीच ओवून देते. नजर फार चांगली आहे म्हणे तिची.