अर्धवट ठोकलेले खिळे

युडोराबाईचं लाकडी घर तिसऱ्यांदा उतरवलं जात होतं; घर तिचं, पण खालची जमीन मळेवाल्याची. थोरल्या लेकीने उसाच्या फडात जायला साफ नकार दिला आणि शहरात शिवणकामाला गेली, एवढाच गुन्हा. मळेवाल्याचा निरोप आला: शनिवारपर्यंत जागा मोकळी करा.

बार्बाडोसातल्या मळ्यांवर ही कामं सगळी वस्ती मिळून करते. डार्न्ली सुताराने छप्पर उतरवलं, पुन्हा तशाच जोडता याव्यात म्हणून फळ्यांवर कोळशाने खुणा केल्या. बायकांनी खारवलेले मासे आणि मक्याच्या पिठाची घोटलेली कू-कू रांधली. रमची बाटली फिरू लागली, गाणी सुरू झाली. जणू लग्नघरच!

पास्टर अ‍ॅलीन यांनी तिथेच प्रवचन धरलं. त्यांचा आवाज असा, की बोलता बोलता ते गाऊ लागत आणि ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप पाणावत. युडोरा त्या आवाजासाठी पावसातही चर्चला जायची.

"आपण वाटसरू रे, वाटसरू!" पास्टर गात होते. "किती सुंदर आपली रीत! घर सुट्या दगडांवर, मन देवावर!"

युडोराच्या हातातला डाव खणकन पातेल्यावर आदळला.

"रीत? पास्टरसाहेब, कुणाची रीत? पाया खणला तर मळेवाला हाकलतो. आंबा लावला तरी हाकलतो, मुळं धरतील म्हणून! माझ्या आजीने भीतीपोटी जे केलं, त्याला तुम्ही आज भक्ती म्हणता? युडोराच्या घराला पाया नको, असं देवाने कुठल्या डोंगरावर सांगितलं?"

"मावशी, जरा हळू," डार्न्ली पुटपुटला.

"तू गप रे! आणि पास्टर, आपण सगळेच वाटसरू, तर तुमचं चर्च का दगडी?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. पास्टरांचं गाणं तुटलं. ते फळ्या भरलेल्या बैलगाडीजवळ गेले.

"चर्चच्या मागचा जमिनीचा तुकडा मंडळीचा, आपल्या चर्चचा आहे," ते म्हणाले. आवाजात गाणं नव्हतं. "मळेवाल्याचा नाही. फळ्या तिकडे न्या. उद्या उपासनेत सगळ्यांसमोर सांगतो. कुणाची हरकत असेल तर त्याने माझ्याशी बोलावं."

बैलगाडी तिकडे वळली. पुढचे काही दिवस पुरुषांनी पाया खणला, चुन्यात दगड बसवले. हात उसाला सरावलेले, त्यामुळे पहिली ओळ वाकडीच गेली. ती उखडून पुन्हा रचली. मग फळ्या उभ्या राहिल्या.

युडोराने भिंतीवरून हात फिरवला आणि तळव्याला काहीतरी टोचलं. प्रत्येक खिळ्याचं डोकं बोटभर बाहेर.

"डार्न्ली, हे काय?"

"उपटायला सोपं जातं ना, मावशी. पुढच्या वेळी..." एवढं बोलून तो थबकला. त्याच्या बापाने त्याला असंच शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापाने. त्याने मान खाली घातली.

"आमच्या हातांतसुद्धा घुसला हा मेला मळेवाला!" युडोराने त्याच्याकडून हातोडा हिसकावला. "पास्टर, गा आता! पण वाटसरूंचं नको. खडकावर घर बांधणाऱ्याचं गा."

पास्टर गाऊ लागले. ती ताल धरून एकेक खिळा पार लाकडात घालत गेली.