चुकलेली ओ

सिरिल थर्लबी उभं आयुष्य ऑल्डरमियरच्या कॅथीड्रलमध्ये गायला आणि त्याचा आवाज कधी कुणी ऐकला नाही. यात त्याची नालस्ती आहे असं वाटत असेल, तर तुम्ही कॉयरच्या, म्हणजे देवळातल्या गायकांच्या मेळाच्या, वाटेला कधी गेला नाहीत. तिथे ज्याचा आवाज वेगळा निघतो त्याची सगळे कीव करतात. संध्याकाळची प्रार्थना आटोपली, पांढरे झगे खुंटीला लागले, की कॉयरमास्तर डॉक्टर प्रिडो एखाद्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, "आज तू अजिबात ऐकू आला नाहीस." त्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सिरिलच्या खांद्यावर ही थाप इतक्यांदा पडली, की पुढेपुढे डॉक्टरांनी तसदी घेणंच सोडलं.

दिवसा तो गॅस कंपनीच्या कचेरीत बसायचा, संध्याकाळी टेनरांच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या पुरुषांच्या, ओळीत उभा राहायचा. घरी मात्र गाण्याच्या नावानं शून्य. "मी एकट्यानं गाणं म्हणजे एका विटेला भिंत म्हणणं," असं बायकोला सांगायचा. एकट्यानं गायच्या ओळी आल्या की शेजारच्याकडे ढकलून मोकळा व्हायचा. बोलणंही बेताचंच. मूलबाळ नव्हतं, घरात फिल्म काढायची कुणाला हौस नव्हती, टेलिफोनवर निरोप ठेवणारं यंत्र नव्हतं. शरदात एका सकाळी तो न्याहारीला बसला आणि तिथून उठलाच नाही.

मॉडनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं रीतसर केलं. रडलीही, त्या गावात चारचौघांत रडतात तेवढं. मग फेब्रुवारीत एकदा किटली ठेवता ठेवता ती त्याचं "चहा टाकतेस का?" आठवायला गेली, तर शब्द आठवले आणि आवाज येईना. माणसाचे फोटो राहतात, अक्षर राहतं, कोटाला वास राहतो. आवाज कुठे ठेवायचा? तसा तो अगदीच गेला नव्हता. जिन्याशी, मागच्या दाराशी, कडेकडेनं फिरायचा. पकडायला जावं तर निसटायचा. हाही गेला तर सिरिल खराच मेला, असं तिच्या मनानं घेतलं.

कपाटात रेकॉर्डी होत्या. ऑल्डरमियरच्या कॉयरनं इंग्लंडच्या देवळांतलं गाणं तबकड्यांवर उतरवलं होतं, शतकामागून शतक, आणि प्रत्येकीत सिरिल होता. मॉड पहिल्या तबकडीपासून बसली. राजानं पोपशी भांडण काढण्याआधीचं लॅटिन, एकेक अक्षर लोकरीसारखं लांबवत नेलेलं. मग राजाच्या हुकमानं इंग्रजीत आलेलं, एका अक्षराला एकच सूर, जणू सुरांचंही रेशन चालू होतं. मग देशात राजाच नव्हता ती वर्षं, जेव्हा देवळांत गाण्यावरच बंदी आली. त्यांची तबकडी नाही, नुसती दोन तबकड्यांमधली फट. मग राजा परतला त्याच्याबरोबर आलेलं नटवं गाणं, आणि शेवटी व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, पुडिंगसारखं पोटाला जड.

कान स्पीकरच्या जाळीला टेकवून ती ऐकायची. रचणारे मेलेले, ज्यांनी प्रथम ऐकलं ते मेलेले, आणि आता गाणाऱ्यांतला एक तिचा. सगळीकडे तो होता आणि कुठेच नव्हता. चहात विरघळलेली साखर कधी कुणाला बोटानं बाहेर काढता आलीय?

नॉर्मन गॅस्कनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या सगळ्या रेकॉर्डींसाठी मायक्रोफोन यानंच लावले होते. आता निवृत्त होऊन गुलाबांवरच्या माव्याच्या किडीशी लढत बसलेला.

"अगं, चांगल्या रेकॉर्डींत काय शोधतेस त्याला?" तो म्हणाला. "तिथे जन्मात सापडायचा नाही. कॉयरमधला माणूस ऐकू यायला चूक लागते. सिरिलची चूक शोधायला हवी."

"सिरिल चुकायचा नाही," मॉड ताठ होत म्हणाली.

"बायकांना असंच वाटतं. माझी सोडून."

कॉयरमध्ये एक रीत आहे. गाताना चुकलं तर थांबायचं नाही, माफी मागायची नाही, नुसता हात वर करायचा. माझं मला कळलंय, पुढे चला, एवढाच त्याचा अर्थ. मास्तर त्यावर कधी काही विचारत नाहीत. नॉर्मननं रेकॉर्ड कंपनीच्या गोदामातल्या टाकाऊ टेपा धुंडाळल्या आणि महिन्याभरानं एक कॅसेट घेऊन आला. चेहरा असा, की लॉटरी लागलीय.

"ऐक. ही एकच सापडली. पण लाखाची आहे."

सगळा कॉयर एका मोठ्या सुरावर चढत गेला आणि एकदम थांबला. तिथे गाण्यातच थांबा होता. वर कमानींत तो सूर फिरत फिरत विरू लागला, आणि त्या शांततेत एक टेनर एकटाच आत शिरला. "ओ." भरदार, स्वच्छ, आणि मधेच दातांखाली तोडलेला. पाठोपाठ कॉयरमधल्या पोरांची दबलेली खसखस, काठीची टकटक आणि डॉक्टर प्रिडोंचा आवाज: "आभारी आहे, थर्लबी. पुन्हा घेऊ या."

नॉर्मननं टेप थांबवली. "बघ. नावानिशी आहे."

मॉड कॅसेटकडे बघत राहिली. "हा तो नाही," ती म्हणाली.

"अगं, मास्तरांनी नाव घेतलंय. हात वर केल्याशिवाय नाव घेतात का ते?"

"सिरिलचा असा नव्हता आवाज."

"गाताना तू त्याला एकट्याला कधी ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. नॉर्मन निघून गेल्यावर ती खुर्चीत बसून राहिली आणि तिला भलतीच भीती वाटली. हा सिरिल असेल आणि आपल्याला ओळखू येत नसेल, तर आपण त्याला विसरलो. आणि आपण विसरलो असू तर चूक आपल्या कानांची, टेपची नव्हे. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, की हा सिरिलच. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय.

मग रोज संध्याकाळी, पडदे ओढून झाले की ती कॅसेट लावायची. सूर चढायचा, थांबायचा, ती मनातल्या मनात त्याला हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. दररोज, न चुकता, त्याच चुकीच्या जागी. जिवंतपणी पेपरातून डोकं वर न काढणारा नवरा आता हाकेसरशी ओ देत होता. ती मागे फिरवायची, पुन्हा हाक, पुन्हा ओ.

वसंतापर्यंत त्या एका अक्षराला पालवी फुटली. आधी "चहा टाकतेस का?" परत आलं, त्याच भरदार आवाजात. मग "माझा चष्मा बघितलास?" मग जिन्यावरचं खाकरणं. दोघांच्या जुन्या गोष्टी आठवल्या की सिरिल त्यांत घडाघडा बोलू लागला. एकदा तर ती कपडे वाळत घालत होती आणि पाठीमागून तो स्पष्ट म्हणाला, "पाऊस येईल हं." ती वळली. कुणी नव्हतं. आणि पाऊस आला. मॉड घाबरली नाही, सुखावली. बहीण ओलिव्ह फोनवर म्हणाली, "मॉड, तू कुणाशी बोलत असतेस गं? शेजारीण विचारत होती." मॉडनं तिला हवापाण्याचं विचारून वाटेला लावलं. घर भरल्यासारखं झालं होतं, कुणाला काय करायचंय?

मे महिन्यात जुन्या गायकांचा मेळावा भरला. त्या दुपारी मॉड मागे बशा विसळत असताना पुढच्या दारातून आवाज आला, "कुणी आहे का घरात?"

सिरिल. अंगणातून येताना म्हणायचा अगदी तसा. तिच्या हातून बशी सुटली. "आले रे," म्हणत ती साबणाच्या हातांनीच पळाली.

दारात एक उंच, टक्कल पडलेला माणूस हॅट हातात धरून उभा होता. "ओळखलंत का, मिसेस थर्लबी? पेनहेल. वर्षभर सिरिलच्या शेजारी उभा असायचो, मग उत्तरेकडे नोकरी लागली. मला उशिरा कळलं हो. फार वाईट झालं."

मॉडनं साबणाचे हात एप्रनला पुसले. तोंड पेनहेलचं हलत होतं आणि बोलत होता सिरिल. तिनं त्याला बसवलं, चहा केला, केक कापला. "साखर नको," सिरिल म्हणाला. "गाडीला काय गर्दी," सिरिल म्हणाला. तिला वाटलं आपल्याला वेड लागतंय, किंवा मेलेला माणूस दुसऱ्याच्या अंगात आलाय, आणि यातलं काय बरं ते तिला ठरवता येईना. शेवटी तिनं कॅसेट लावली.

सूर चढला, थांबला. "ओ."

पेनहेल हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईतो हसला. "अहो, हा मी. कुठे मिळाली तुम्हाला ही? तेव्हा मी कच्चा होतो, अजून कायम व्हायचा होतो. त्याच आठवड्यात दोनदा माती खाल्ली होती, प्रिडोंनी दम भरला होता, आता चुकलास तर गाशा गुंडाळ. आणि मी हा असा, भर थांब्यात. हात वर करायचीही छाती होईना. तर तुमच्या सिरिलनं केला. नाक खाजवावं इतक्या शांतपणे. प्रिडोंनाही कळलं असणार हो, पण वर आलेल्या हाताला मास्तर काय विचारणार? सांगितलं नव्हतं त्यानं तुम्हाला?"

"नाही," मॉड म्हणाली.

मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू मावळलं. "तुम्ही हा त्याचा आवाज समजत होतात," तो हळूच म्हणाला. "मिसेस थर्लबी, पण त्यानं कॉयरमधली माझी जागा वाचवली. आवाजापेक्षा हे मोठं नाही का? असा माणूस होता तो."

लोकांना समजूत घालायची भारी हौस. तो कसा माणूस होता हे मॉडला बाहेरच्यानं सांगायला नको होतं, तिनं त्याच्याशी संसार केला होता. तिला आवाज हवा होता.

"मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हा तो नाही," ती म्हणाली. "तेव्हा होता तो माझ्याजवळ. थोडासा, पण होता."

"मला फार वाईट वाटतंय."

"मिस्टर पेनहेल, रागावू नका. थोडा वेळ काही बोलू नका."

मॉडनं डोळे मिटले. जिन्याशी गेली, मागच्या दाराशी गेली, त्या न्याहारीच्या टेबलाशी गेली. सिरिल वर बघून काहीतरी म्हणाला, आणि पेनहेलच्या आवाजात म्हणाला. लग्नाच्या दिवशी म्हणाला तेही पेनहेलच्या आवाजात. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे आधीच पेनहेल बसलेला. स्वतःच्या हातांनी, रोज संध्याकाळी, तिनं त्याला एकेका खोलीत नेऊन बसवलं होतं.

चहा निवला. पेनहेलनं घड्याळ पाहिलं, हॅट उचलली आणि पाय न वाजवता दारापर्यंत गेला. निरोप घेतल्याशिवाय जाणं त्याच्या जिवावर आलं असावं. बाहेर पायरीवर उभं राहून, तिच्याकडे पाठ ठेवूनच तो म्हणाला, "येतो मी."

"लवकर ये," मॉड म्हणाली.

पेनहेल क्षणभर तिथेच थबकला. मग मागे न बघता त्यानं फाटक लोटलं आणि तो स्टेशनच्या रस्त्याला लागला.