लिंपलेली भिंत

सकाळी नऊला ओग्वांगच्या घराच्या आतल्या भिंतीवर जिवंत डास कोंडलेले कप लावले गेले, फवारलेल्या भिंतीवर बसून डास मरतात का ते बघायला. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतल्या स्टेलाने तपासणीसाठी चिठ्ठी काढली होती, तीत नेमकं त्याचंच घर निघालं.

ओग्वांग गावचा फवारणीवाला. घरोघरी भिंतींवर विष फवारायचं आणि बजावायचं, हिवतापाचा हंगाम सरेपर्यंत भिंतीला माती लावायची नाही, विष झाकलं जातं.

दारात बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "पोरी, ह्या विषानं डासाला होतं तरी काय?"

"मावशी, तुम्ही हाक मारली आणि मी ओ दिली, की तुम्ही गप्प होता ना?" स्टेला म्हणाली. "डासाच्या नसांतली हाक ह्या विषानं थांबतच नाही. पाय, पंख, सगळं थरथरत राहतं. मग तो पडतो."

"माझ्या सासूसारखंच की! ओ दिली तरी हाका चालूच."

सगळ्या हसल्या. वेळ भरली, तरी कपांतला एकही डास पडला नव्हता. भिंतीवर निवांत बसले होते.

स्टेलाने विचारलं, "दादा, फवारल्यावर भिंत लिंपली होती का?"

लिंपली होती. मुलीच्या सोयरिकीला नवऱ्यामुलाकडचे रीतीप्रमाणे मुलीसाठी द्यायच्या गायी घेऊन येणार, त्यांना फवाऱ्यानं डागाळलेल्या भिंतीपाशी कसं बसवायचं, असं बायकोचं म्हणणं. माती ओग्वांगनेच वाहून आणली. शेणमाती तुडवायला शेजारची अबेजा म्हातारी आपण होऊन आली. स्वतःचा नवरा वारला तेव्हा ह्याच अबेजाने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी घरची फवारलेली भिंत लिंपली होती, आणि ओग्वांगने भर सुतकात तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. "तुझ्या भिंतीपायी गावची पोरं तापानं मरतील!"

आता अबेजा दारातच उभी होती. त्याची बायको अकुलो जमिनीकडे बघत होती.

"नाही," ओग्वांग म्हणाला. "मीच कसा लिंपेन?"

"तेही खरंच. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं." स्टेलाने कप काढायला घेतले. "म्हणजे डासच निबर झाले, हे विष त्यांना लागत नाही. वर कळवते. दुसरं विष मिळेपर्यंत गावची फवारणी बंद राहील बहुतेक."

"किती दिवस?"

"ते कोण सांगणार, दादा?"

अबेजा बायकांकडे वळली. "चला गं, ऊन चढलं. तीळ वाळत घालायचेत." त्याच्या अंगावरून जाताना ती हळूच म्हणाली, "माझ्या वेळी तुझा आवाज केवढा मोठा होता रे, बाबा."

स्टेलाची मोटारसायकल निघून गेली. अकुलोने जेवण वाढलं. ओग्वांगने ताट बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी भिंतीचं खरं सांगायला तो प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाकावर होता. स्टेला दोनदा समोरून गेली. दोन्ही वेळा त्याने उठून टोपी काढली. दुपारी ती जेवायला बाहेर पडली, तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.