पेटीचं तीर्थ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या चुली थंड होत्या. सगळी वाडी वरच्या माळावर लोटली होती. तिथं डिंभे धरणाकडे तोंड करून एक लोखंडी पेटी उभी असते. ती पेटी रडत होती, आणि रडत होती ते रक्त! खंडेनवमीला फासलेल्या पिवळ्याधमक हळदीवरून लाल ओघळ खाली उतरत होते. खाली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी ठेवलेली, आणि वाटीत साचलेलं ते पाणी विस्तवावाचून खदखदत होतं. बायामाणसं हात जोडून, श्वास रोखून बघत होती. पेटीभोवती समयांची रांग लावलेली होती.

"बघा रे, डोळं फाडून बघा!" हौशीराम महाराज ओरडत होता. "ना लाकूड ना काडी, तरी उकळतीया देवीची हंडी! ना सुई ना टाका, ना डाक्टरचा धाका! ज्याला दिसत न्हाई त्याला दिसंल, जिला पोर न्हाई तिला पोर व्हईल!"

हा हौशीराम पूर्वी घोडेगावच्या बाजारात पोतं अंथरून दात उपटायचा आणि कसलंसं काळं मंजन विकायचा. आवाज तोच, आरोळीही तीच. फक्त दाताच्या जागी आता देवी आली होती. एरवी मला हसू आलं असतं.

मी खालच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. बुवा दिसला की माझं डोकं फिरतं, हे सगळ्या वाड्यांना ठाऊक आहे. पण त्या सकाळी मी रागानं नव्हे, भीतीनं धापा टाकत चढण चढले होते. आमच्या शाळेत स्वयंपाक करणारी साळुबाई कामावर आलीच नव्हती. झऱ्याकडे निघालेल्या सोनीबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "ती व्हय? ती वर गेलीया. डोळ्यात तीर्थ घालून घ्यायचंय तिला."

साळुबाईचा डावा डोळा भात झोडताना कुसळ जाऊन कायमचा गेला होता. उजव्यात मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती लहान पोरीसारखी थरथरायची. उरलेला तो एकच डोळा घेऊन ती हौशीरामापुढे बसायला निघाली होती.

पेटी काय होती ते सांगते. ही गोष्ट २००७ सालची. शहरातल्या एका कंपनीनं पाऊस मोजून धरणावर आकडे पाठवणारं यंत्र माळावर बसवलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे धुक्यानं ऊनच पडत नाही, तिथं सोलरची पाटी काय कामाची? म्हणून यंत्र इंधनघटावर, म्हणजे रसायनातून वीज काढणाऱ्या फ्युएल सेलवर, चालवलं होतं. त्याला इंधन पुरवणारा प्लॅस्टिकचा सीलबंद डबा पेटीच्या कोपऱ्यात बसायचा. वाडीतला गोरख पेटीचा राखणदार. डबा संपला की नवा सरकवायचं काम त्याचंच. डब्यात काय आहे हे कंपनीनं त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

गर्दीत घुसून मी पुढे गेले. पेटीच्या दारावर एक स्टिकर होता. मजकूर सगळा इंग्रजीत, वर एक चित्र. हौशीराम त्या चित्रावर काठी टेकवून सांगत होता, "कंपनीच्या सायबांनाबी देवीनं बुद्धी दिली बघा! वरनं तीर्थ पडतंय, खाली हात धरलाय. तीर्थ हातावर घ्या, असंच लिवलंय की राव!"

ते चित्र आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातही आहे. वरून थेंब पडतात आणि खालचा हात झिजून जातो, असं ते चित्र असतं. हा द्रव मांस खातो, इतकाच त्याचा अर्थ.

"आन् नीट ऐका," हौशीराम म्हणाला, "तीर्थाला पाणी लावायचं न्हाई. पाणी लागलं की देवी कोपून उठली म्हणून समजा!"

पाणी हाच एक उपाय, आणि नेमका तोच यानं बंद केला होता. गोरख पेटीशेजारीच उजवा हात पोटाशी धरून बसला होता. मी म्हटलं, "गोरख, हात दाखव."

तळहात पांढराफटक पडला होता, भिजलेल्या पिठासारखा मऊ. मधली कातडी सुटून आली होती.

"पैल्यांदा साबणावानी बुळबुळीत लागलं, बाई," तो कण्हत म्हणाला. "मग आग आग व्हाया लागली. महाराज म्हणलं, देवीचा छाप उमटतोय."

"धुतलास?"

"न्हाई. देवी उठंल ना."

मी हौशीरामाकडे नीट पाहिलं. सगळ्यांना तो ओंजळ धरायला सांगत होता, पण स्वतः वाटी जाड फडक्यात धरली होती आणि तीर्थ द्रोणानं उचलत होता. स्वतःच्या अंगाला त्यानं एक थेंबही लावला नव्हता. म्हणजे याला माहीत होतं! भीती होती तशीच राहिली आणि वर संताप चढला.

"महाराज," मी मोठ्यानं म्हटलं, "पहिली ओंजळ तुमची. घ्या बघू."

"आमी देणारं, घेणारं न्हाई!" तो म्हणाला. दोघं-तिघं हसले. गर्दीत कुजबुज सुरू झाली, तसा त्याचा चेहरा बदलला. बोलणं लांबलं तर हातचं जाईल, हे त्या जुन्या दात-उपट्याला चांगलं कळत होतं. वाटी डाव्या हातात तशीच धरून त्यानं समोर बसलेल्या साळुबाईची हनुवटी वर केली. "डोळा उघड, माय!"

"नको! साळुबाई, मिट डोळा!" मी ओरडत धावले. पण द्रोण कलला होता.

तिची ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

"पाणी! पाणी आणा!" मी तिला कवेत धरून ओरडत होते. झऱ्यावरून आलेल्या बाया डोक्यावर भरलेले हंडे घेऊन कडेलाच उभ्या होत्या. चार पावलांवर पाणी होतं, आणि एकही बाई हलली नाही. सोनीबाईनं हंडा खाली ठेवला.

"बाई, देवी..." ती म्हणाली.

"पानी घालू नका!" म्हातारे गेणभाऊ ओरडले. "समद्या वाडीवर कोप व्हईल!"

साळुबाई माझ्या मांडीवर तडफडत होती. मला रडू फुटलं. एका हंड्यापर्यंत धावावं तर तिला सोडावं लागत होतं.

आणि तेवढ्यात वाटीचं बूड गेलं.

दोन दिवस तीच वाटी ते पाणी पीत होती. खदखदत होती म्हणजे खाल्ली जात होती. उरलेलं तीर्थ फडक्यातून झिरपून हौशीरामाच्या पायावर सांडलं. मग, "मेलो रं! पानी, पानी!" म्हणून बोंबलत पळाला आणि त्यानं पाय थेट सोनीबाईच्या हंड्यात खुपसला.

सगळ्या माना त्या हंड्याकडे वळल्या.

"आरं भाड्या," सोनीबाई हळूच म्हणाली, "तुला पानी चालतंय, आन् आमच्या साळूला न्हाई व्हय?" मग तिनं शेजारणीच्या डोक्यावरचा हंडा ओढून घेतला आणि धावत आली. तिच्यामागून सगळ्या आल्या.

मी साळुबाईला उजव्या कुशीवर वळवलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि सोनीबाई तांब्यानं बारीक धार सोडत राहिली. "लिंबू पिळू का, बाई? उतार पडंल," कोणीतरी म्हणालं. "काही नको! फक्त पाणी, आणि थांबायचं नाही!" ओतता ओतताच मी ओरडत होते: समया विझवा, त्या बुडबुड्यांचा वायू पेट घेतो. वाऱ्याच्या बाजूला सरका. पेटीला हात लावू नका. ज्यांनी तीर्थ घेतलंय त्यांनी ओढ्याच्या धारेत हात धरा, भिजलेले कपडे काढा. गोरखला दोघांनी धरून ओढ्यावर नेलं. ओघळ झऱ्याकडे उतरू नये म्हणून गेणभाऊंनी लांबूनच मातीचा बांध घातला.

निरोप गेला तशी घोडेगावच्या फेऱ्या मारणाऱ्या पप्पूची जीप आली. घोडेगावपर्यंत खड्ड्यांतून आपटत आम्ही साळुबाईच्या डोळ्यात पाणी ओततच गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कधी घातलं?" "मिनिटा-दोन मिनिटांत," मी म्हणाले. "मग आशा आहे," ते म्हणाले.

हौशीरामही त्याच दवाखान्यात पाय घेऊन बसला होता. त्याला डाक्टरचा धाका अजिबात वाटत नव्हता. पोलीस मात्र त्याला तिथूनच घेऊन गेले.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर वाडी जमली. मी काही मोठं व्याख्यान दिलं नाही. पांढऱ्या फडक्याला हळद लावली आणि वर कपड्याचा ओला साबण घासला. फडकं लालभडक झालं.

"अगं बया!" सोनीबाई म्हणाली. "हळदीचं लुगडं धुताना असंच व्हतंय की!"

"रोज तुमच्या हातानं होतंय. तेव्हा कधी देवी आली होती का? डब्यातल्या इंधनात कॉस्टिकचं जबर पाणी होतं. साबणाच्या शंभरपट तेज. ते हळदीवरून ओघळलं म्हणून रक्त दिसलं, जर्मनची वाटी खाल्ली म्हणून उकळलं."

"पर डबा फुटला कसा?" गेणभाऊंनी विचारलं.

गोरखनं मान खाली घातली. पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत तो म्हणाला, "खंडेनवमीला सगळी आपापल्या हत्यारांची पूजा करत्यात. माझं हत्यार म्हंजी ती पेटी. हळद लावली, आन् नारळ... नारळ पेटीच्याच कोपऱ्यावर फोडला."

सगळा चमत्कार तो एवढाच. एका भाबड्या माणसानं प्रेमानं फोडलेला नारळ आणि एका लबाडानं धरलेली वाटी. तिसरा दोष कंपनीचा. दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे आणि चष्मा घालून त्यांचा इंजिनिअर डबा न्यायला आला, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. हातमोजे स्वतःला आणि गोरखला काय, इंग्रजी स्टिकर? आता पेटीवर मी स्वतः मराठीत लिहिलंय: हात खातं, हात लावू नका.

साळुबाईची पट्टी सोडली तेव्हा मी समोर उभी होते. तिनं डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, पदराला हळद लागलीया तुमच्या. साबण लावू नगा, लाल व्हईल." मी तिथेच रडले. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशनही तिनं करून घेतलं, माझा हात घट्ट धरून का होईना.

लोक मला अजून विचारतात, "बाई, पर खरंच देवी असली तर?" त्यांना माझं एकच सांगणं असतं. चमत्कार दिसला की आधी देणाऱ्याचे हात बघा, तो स्वतः शिवतोय का ते बघा. आणि अंगावर काही जळजळलं तर कुणाला विचारत बसू नका. देवीचा कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे, मी बघून घेईन. तुम्ही आधी पाणी ओता.