मधला स्पीकर

"नको," नवरा म्हणाला.

सिस्टरने हातातली डिस्क डबीत परत ठेवली, दुसरी काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"नको."

तिने तीही बाजूला टाकली आणि कमरेवर हात ठेवून कपाटाकडे बघत राहिली. अजून अख्खा कप्पा बाकी होता. युद्धाचे सिनेमे, जंगलातल्या प्राण्यांचे माहितीपट, वाद्यवृंदाच्या मैफली. आठवड्यातून एकदा सुट्टी मिळायची आणि ती अशी चालली होती.

हॉस्पिटलात ती पुरुषांच्या वॉर्डची सिस्टर. तिच्या सोशिकपणाचं तिथे सगळ्यांना कौतुक. भरकटलेल्या म्हाताऱ्याला तेच ते पुन्हा पुन्हा सांगावं तर सिस्टरनेच, असं डॉक्टरही म्हणायचे. पण तो सोशिकपणा बहुधा ड्यूटीवरच खर्च होऊन जात असावा. घरी येईपर्यंत तळाशी काही उरत नसे, आणि घरीही पेशंटच होता.

काही महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि का कोण जाणे, एकच मागे राहिला. पाणी हवं असलं तरी नको, पंखा बंद करायचा असला तरी नको, लेकीचा फोन आला आणि डोळे भरून आले तरी नको. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, शब्दाकडे लक्ष देऊ नका, सुराकडे द्या. त्यांना म्हणायचं वेगळंच असतं, तोंडातून हेच बाहेर पडतं. सिस्टरला हे त्या बाईंच्या आधीपासून ठाऊक होतं. असे कितीतरी पेशंट तिने सांभाळले होते. पण त्यांच्यातल्या एकाशीही तिचं लग्न झालेलं नव्हतं.

एरवी तिने हा नाद केव्हाच सोडून दिला असता. सोडता येत नव्हता, कारण गेले कित्येक दिवस त्याने काहीच मागितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. व्यायाम करून घेणारा आला की डोळे मिटून घ्यायचा, चमचा पुढे केला की ओठ आवळायचा. याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं आणि याचा शेवट कुठे होतो तेही तिने वॉर्डात पाहिलं होतं. आज सकाळी ती टीव्हीखालची डिस्क लावायची काळी पेटी फडक्याने पुसत होती, तेव्हा मागून "नको" आलं. तिला वाटलं, हात लावू नको म्हणतोय. आयुष्यभर तेच तर म्हणत आला होता. वळून बघितलं तर त्याने मान उचलली होती आणि डावा हात पेटीकडे लांब केला होता.

तो औषधांच्या गोदामात सुपरवायझर होता. कपड्यांची हौस नाही, खाण्यापिण्याची नाही, फिरण्याची तर नाहीच. एकच वेड, आवाज. हॉलमध्ये त्याने एकेक करून स्पीकर जमवले होते. समोर दोन उंच, टीव्हीखाली एक आडवा, पाठीमागे भिंतीवर दोन छोटे, कोपऱ्यात खोकं. खोकं घुमायला लागलं की स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं थरथरायची. लग्नानंतर सुरुवातीला तो तिला समजावून सांगायचा, कुठला आवाज कुठून का येतो ते. ती रात्रपाळी करून आलेली असायची. ऐकता ऐकता बसल्या जागी तिची मान कलायची. मग एकदा तो म्हणाला, जाऊ दे, तुला सांगून काय उपयोग. रागाने म्हणाला नव्हता. तिलाही ते खरंच वाटलं होतं.

शेवटी त्याला हवी असलेली डिस्क सापडली. खालच्या कप्प्यात, साधी करडी डबी, वर एका बंद दाराचं चित्र. ती दिसताच आलेलं "नको" इतकं उतावीळ होतं की तिला हसू आलं.

हसू तेवढ्यापुरतंच. पेटीचा ट्रे बाहेर आला, डिस्क घेऊन आत गेला, आणि टीव्हीवर निळा पडदा. सिग्नल नाही. तिने लेकीला फोन केला. लेक दूर राहायची. ती म्हणाली, आई, हल्ली डिस्क कोण लावतं, बाबांना फोनवर काहीतरी लावून दे. सिस्टर म्हणाली की बाबांना हेच हवंय. लेक म्हणाली, मग कंपनीला फोन कर, माझी मीटिंग सुरू होतेय.

कंपनीचा नंबर पेटीच्या पाठीवर होता. तो वाचण्यासाठी सिस्टरला जमिनीवर आडवं व्हावं लागलं. फोनवर बराच वेळ बासरी वाजली, मग एक मुलगी आली. आवाज गोड आणि पाठ केलेला. सिस्टरने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला.

मुलीने विचारलं की टीव्हीचा सोर्स कुठला निवडलाय. सिस्टर म्हणाली, टीव्हीचा सोर्स म्हणजे काय, दुकानातून आणलाय. मुलगी न हसता म्हणाली की टीव्हीच्या मागे बरीच तोंडं असतात, त्यातल्या कुठल्या तोंडातून चित्र घ्यायचं ते रिमोटने सांगावं लागतं. मग इनपुट, आउटपुट, ऑप्टिकल. मुलगी एकेक शब्द उच्चारायची आणि सिस्टरच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. अखेर सिस्टरने आपला हिशेब लावला. सलाइनची बाटली ती आउटपुट, हातातली सुई ती इनपुट, मध्ये नळी. कुठली नळी कुठून निघून कुठे शिरते एवढं बघायचं. मग जमलं. निळा पडदा गेला, चित्र आलं.

आवाज मात्र नव्हता. मुलीने सांगितलं, पेटी मूळ सेटिंगवर न्या, मागचं बारीक बटण टाचणीने दाबून धरा. सिस्टरने टाचणी शोधली आणि वाकली.

"नको! नको, नको!"

"अहो, थांबा जरा. करतेय ना."

तिने बटण दाबून धरलं. पेटीचा दिवा लुकलुकला आणि विझला. परत लागला तेव्हा मुलीने सहज सांगितलं की आता आधीच्या सगळ्या जुळण्या पुसल्या गेल्या असतील, त्या नव्याने कराव्या लागतील. सिस्टरने मागे वळून पाहिलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते. सुट्टीच्या दिवशी खोलीभर फिरत, टाळ्या वाजवत, कान देत त्याने जे बसवलं होतं ते सगळं तिने एका टाचणीने पुसलं होतं. आणि त्याने ओरडून सांगितलेलं असताना.

सिनेमा सुरू झाला. आता आवाज येत होता. दार करकरलं, पावलं वाजली, कोपऱ्यातलं खोकं घुमलं. एक बाई आणि एक पुरुष टेबलाशी येऊन बसले, त्यांनी तोंडं उघडली, आणि काही नाही. ओठ हलत होते. मागे व्हायोलिन वाजत होतं, बाहेर कुठेतरी गाडी गेली ती सुद्धा स्वच्छ ऐकू आली. माणसं तेवढी मुकी.

नवरा डावी मूठ पलंगावर आपटायला लागला. नको, नको, नको. सिस्टरने आवाज वाढवला तर व्हायोलिन किंचाळलं. कमी केला, परत वाढवला. मूठ थांबेना. तिची पाठ भरून आली होती, गुडघे दुखत होते, सकाळचा चहा तसाच गार झाला होता.

"काय नको?" ती म्हणाली. "इतकी वर्षं हात लावू दिला नाहीत याला. मला कळत नाही यातलं काही. काय करू ते सांगा ना. बोला ना एकदाचं!"

मूठ थांबली. पडद्यावरची बाई तोंड हलवत राहिली. शब्द सुटून गेला होता आणि तो परत घेण्यासारखा नव्हता. नवरा तिच्याकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या नजरेत, तो असता तर बरं झालं असतं.

स्टुलावरच्या फोनमधून मुलीने हळूच विचारलं की मॅडम, साहेबांना बरं नाही का. फोन चालू आहे हे सिस्टर विसरूनच गेली होती. तिने सांगितलं. थोडक्यात, वॉर्डात ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतात तसं. केव्हा झालं, कुठली बाजू, बोलणं कितपत.  मुलगी पुन्हा बोलली तेव्हा तिच्या आवाजातलं पाठांतर गेलं होतं.

"मॅडम, फक्त माणसांचं बोलणंच ऐकू येत नाहीये का? बाकी सगळं येतंय?"

सिस्टर हो म्हणाली. मुलीने समजावलं, सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं, टीव्हीखालच्या आडव्या. संगीत आणि गडबड बाजूच्यांकडे, बोलणं मधल्याकडे. त्याची वायर बघा. सिस्टर पुन्हा जमिनीवर आडवी झाली. आडव्या स्पीकरच्या पाठीमागून वायर सुटून लोंबत होती. नवऱ्याचा पलंग हॉलमध्ये आणला त्या दिवशी हमालांनी सगळं सामान ओढून बाजूला केलं होतं, तेव्हाच उपटली गेली असणार. तांबडी तांबड्यात, काळी काळ्यात. वायर धरणारी चिमटी दाबून बसवली तोच तिच्या कानाशी पडद्यावरची बाई म्हणाली की चहात साखर घातलीच नाहीस.

सिस्टर तशीच पडून राहिली, घटकाभर. मग उठून बसली. आता तरी झालं ना, असं तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने तळहात वर केला होता. थांब.

आता काय, ते तिला समजेना. बोलणं येत होतं, चित्र येत होतं. मुलगी म्हणाली की शब्द ओठांच्या आधी येतोय का बघा. चित्र तयार व्हायला टीव्हीला किंचित वेळ लागतो, आवाज पुढे पळतो, त्याला थोडं मागे ओढावं लागतं. पूर्वी साहेबांनी ते बसवलेलं असेल. सिस्टरने निरखून पाहिलं, तिला काही फरक दिसला नाही. पण त्याला दिसत होता. तिने ती सेटिंग शोधली आणि रिमोटचं बटण दाबलं. तळहात वरच. पुन्हा दाबलं. तळहात किंचित खाली आला. ती पडद्याकडे बघायची सोडून त्याच्या हाताकडे बघत दाबत गेली, नाडी मोजताना मनगटाकडे बघावं तशी. एकदा पुढे गेली तर तो "नको" म्हणाला, आणि ती एक पायरी मागे आली. हात चादरीवर टेकला.

तिने पडद्याकडे वळून पाहिलं. पुरुष बोलत होता आणि त्याचं बोलणं त्याच्याच तोंडातून येत होतं. मघाशी तसं नव्हतं, हे तिला आता कळलं.

मुलीने विचारलं की आणखी काही मदत हवी आहे का. सिस्टर नको म्हणाली, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून ती पलंगाशेजारी बसली. पाय चोळायला लागली.

"नको," नवरा म्हणाला आणि बोटाने खुर्ची दाखवली.

तिने कपाळाला हात लावला. पण उठली. खुर्ची पुढे घेतली. बोट डावीकडे वळलं. डावीकडे घेतली. अजून थोडी. अजून मागे. अशा रीतीने तिला खोलीच्या मधोमध आणून बसवल्यावर बोट खाली गेलं.

तिथे बसल्याबरोबर खोली बदलली. बोलणं ना या स्पीकरमधून येत होतं ना त्या. समोर टेबल होतं, टेबलाशी दोघं होती, आणि ती त्यांच्यापुढे हातभर अंतरावर बसली होती. बाईने कप खाली ठेवला तो तिच्या पुढ्यात ठेवला. पाठीमागे, खरोखरच पाठीमागे, कुणीतरी जिना चढत होतं.

तिने मान वळवून पलंगाकडे पाहिलं. पलंग भिंतीला लागून होता, न्हाणीचं आणि संडासाचं दार तिकडे म्हणून. त्याच्या कानाशी उजवीकडचा एकटा स्पीकर वाजत होता, बाकीचं त्याच्यापर्यंत तुटक पोचत असणार.

"पलंग सरकवू का इकडे?" तिने विचारलं. "शेजाऱ्यांना बोलावते."

"नको," तो म्हणाला. मग पडद्याकडे न बघता तो तिच्याकडे बघत राहिला, ती ऐकतेय का ते.

सिस्टरने चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले आणि ऐकू लागली.