पुसून पुसून वापरलेली प्रश्नपत्रिका

मी एक नमुना प्रश्नपत्रिका बोलतेय. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता माझ्या साठ प्रश्नांना प्रत्येकी चार उत्तरं आणि त्यांतली तीन खोटी, म्हणजे माझ्या पोटात खऱ्यापेक्षा खोटंच जास्त. पण ते सोडा.

पालकसभेत आम्हा सारख्या छापलेल्या बहिणींना वाटलं, पण बऱ्याचशा बाकांवरच पडून राहिल्या. मला एका झेरॉक्सवाल्यानं उचललं. त्याची मुलगी शालान्त परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर आईच्या दवाखान्यात नर्सिंगला तिच्यासाठी धरून ठेवलेली जागाही नाही.

वर्गाच्या बाईंनी त्याला दाराशी गाठलं. "अहो, तिला वाचायलाच वेळ लागतो, शब्द अडतात. रोज जवळ बसून मोठ्यानं वाचून घ्या तिच्याकडून. आणि हा नुसता नमुना आहे बरं का. पेपर असा असेल, हाच नसेल."

"हो हो, सराव करून घेतो," तो म्हणाला. एवढ्या बोलण्यातून त्यानं नेमका तोच शब्द उचलला, जो बाईंनी उच्चारलाच नव्हता.

दिसेल त्या कागदाचं लॅमिनेशन करायची या माणसाला खोड; सासऱ्यांच्या औषधाची चिठ्ठीसुद्धा सुटली नव्हती. दोन तापलेल्या रुळांमधून मी गेले ती अमर होऊनच बाहेर पडले. आता माझ्यावर मार्करनं खुणा करायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, की मी पुन्हा कोरी! "हा पक्का झाला की दुसरा आणू," बाप म्हणाला.

पोरगी शाळेतून आली की जेवणाच्या टेबलाशी बसे. पहिल्या दिवशी साठात एकोणीस. पास व्हायला तीस लागत. आठवड्यानं एकतीस, मग चव्वेचाळीस. बाप माझ्या पाठीवरच्या उत्तरांशी ताडून तिला चुका सांगे आणि आकडे फ्रिजवर लिहून ठेवी. ज्या दिवशी सत्तावन्न पडले, त्या दिवशी दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणारी आई म्हणाली, "अगंबाई! पोरीचं डोकं उघडलं की हो! मी मोठ्या सिस्टरना सांगूनच टाकते, आमची येतेय म्हणून."

"डोकं कसलं, लॅमिनेशन!" बाप म्हणाला.

मला मात्र ठाऊक होतं. दुसऱ्या आठवड्यापासून तिची नजर माझ्या प्रश्नांना शिवलीच नव्हती. चौथ्याला ब, पाचव्याला ड, सहाव्याला पुन्हा ड. ओठांवर नुसतं अक्षरांचं गाणं. लबाडी नव्हती हो ती. तिला खरंच वाटे, अभ्यास यालाच म्हणतात. मी किती ओरडले, "अगं, वाच मला!" पंख्याच्या वाऱ्यावर टेबलावरून उडीसुद्धा मारली. तिनं मला उचललं आणि माझ्या डोक्यावर मिठाची बरणी ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाबाहेरच्या दप्तरांच्या ढिगात होते. पेपर तीन तासांचा. पोरगी चाळीस मिनिटांत बाहेर. बाप फुलला. "बघितलंस? सराव!"

ती चालत राहिली. कोपऱ्यावर म्हणाली, "प्रश्न वेगळे होते, बाबा."

"मग?"

"मग... मी तीच अक्षरं भरली."

चौदा गुण पडले. डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही साधारण पंधरा मिळतात. नर्सिंगची जागा आठ दिवसांत दुसऱ्या मुलीला गेली.

त्या आठवड्यात एकदा तिनं मला समोर घेतलं. मार्कर नव्हता. शब्दाखाली बोट ठेवून, अडखळत, ती मला वाचू लागली. नवव्या प्रश्नावर थांबली.

"आई, 'आशय' म्हणजे काय गं?"

नववा प्रश्न तिनं चाळीस वेळा बरोबर सोडवला होता.

आई म्हणाली, "बाबांना विचार." बाबा उठून फ्रिजवरचे आकडे पुसू लागले.

आता ती धोबीखान्यात आईशेजारी चादरींच्या घड्या घालते. मी टेबलावर असते, गरम पातेल्याखाली. फाटत नाही, कुजत नाही, मरायचीही सोय नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली, तर तिला एकदाच सोडवा आणि पोराच्या जवळ बसा, एवढंच मागणं.

आणि एक कबुली. मी ओरडले, उडी मारली, ते सगळं रचून सांगितलं. कागदाला तोंड नसतं, ही सबब आहेच. पण खरं सांगू? सत्तावन्न पडले त्या दिवशी बापानं मला पुसता पुसता माझा मुका घेतला होता. मला तोंड असतं, तरी मी गप्पच राहिले असते.