कोठीवरची यादी

अड्याळला शकुनबाईच्या घरी दिवाळीनंतर नव्या तांदळाचं जेवण असायचं. शेतानं वर्षभर दिलं त्याचे आभार, आधी देवापुढे नैवेद्य आणि मग घरच्या पाच जणांची पंगत. त्या दिवशी काय रांधायचं हे आदल्या वर्षीच ठरलेलं असे. जेवून हात धुतले की बसल्या जागेवरून प्रत्येकानं पुढच्या वर्षीची फर्माईश सांगायची, माणशी एक पदार्थ, आणि शकुनबाईनं पाठमोरी उभी राहून धानाच्या पत्र्याच्या कोठीवर ती खडूनं लिहून घ्यायची. मग ती यादी बारा महिने कुणी पुसायची नाही. नावं लिहायची गरजच नव्हती, आवाजावरून तिला सगळं तोंडपाठ. बत्तीस वर्षांत एक ओळ चुकली नाही हे ती गावभर सांगायची, कुणी विचारो न विचारो!

यंदा मात्र मुलगा मनिष नागपुराहून आला तो ठरवूनच आला. आईनं दोनदा गॅस चालू ठेवला होता, एकदा बाबांना बीपीची गोळी दोनदा दिली होती. आता दोघांना नागपूरला न्यायचं आणि या घराला कुलूप लावायचं. शकुनबाईचा सगळा जीव त्या स्वयंपाकघरात. ते सुटलं की आपण मेल्यातच जमा, असं ती तोंडावर म्हणायची.

सकाळी मनिषनं कोठीसमोर उभं राहून यादी वाचली. लाखोळीच्या डाळीचे वडे बाबांचे, खीर त्याच्या बायकोची म्हणजे खुशबूची, पाटोडीचा रस्सा त्याचा स्वतःचा, वांग्याचं भरीत गिरजाआत्याचं, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी आईची.

"आई, जेवनारे पाच अन् पदार्थ सहा. ह्या कोचईच्या पानाच्या वड्या कोनाच्या?"

कोचईचं, म्हणजे अळूचं, पान घशाला खाजतं म्हणून त्या घरात कुणी तोंडाला लावत नसे. हे शकुनबाईलाही ठाऊक होतं. पण अक्षर तिचंच होतं.

"सांगितल्याबिगर मी लिवत नाही."

"तू विसरून राहिली आई. म्हनून तं म्हनतो, चाल नागपूरले."

"अन् वड्या खपल्या तं?"

"खपल्या तं नागपूरचं नावच काढनार नाही."

शकुनबाईनं पदर खोचला. चिंचेचा कोळ लावून, वाफवून, खरपूस तळून तिनं वड्यांची ताटली भरली आणि पंगतीच्या मधोमध ठेवली. दुपारच्या उन्हात नव्या भाताचा वास अंगणापर्यंत गेला. टेकचंदनं, तिच्या नवऱ्यानं, वड्यांवर ताव मारला पण ते लाखोळीचे. खुशबू तिसऱ्यांदा खीर मागत होती, गिरजाबाई भावाला चिडवत होती, आणि बऱ्याच दिवसांनी सगळे पोटभर हसले.

हात धुवून परतले तेव्हा ताटली रिकामी होती.

"कोन खाल्ल्या?" मनिषनं विचारलं. खुशबूनं मान हलवली. गिरजाबाई म्हणाली, "मी तं हात नाही लावला, बाप्पा." टेकचंदनं तर ताटलीकडे पाहिलंही नव्हतं. शकुनबाईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचा चेहरा नुसता खुलला होता.

"म्हटलं होतं ना? माही यादी चुकत नाही."

मनिषनं हात जोडले. "जिंकली तू. राहा इथंच."

मग सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले. शकुनबाई कोठीकडे वळली, जुनी यादी पुसली, आणि मागून एकेक आवाज येत गेला तसा तिचा खडू झरझर चालत राहिला. ती वळली. मनिषनं ओळी मोजल्या आणि त्याला हायसं वाटलं.

"पाच. आता बरोबर."

"अवो," टेकचंद म्हणाला, "माहे वडे कुठी आहेत? मी तं सगळ्यात पहिले सांगितलो."

खीर. रस्सा. भरीत. चटणी. आणि शेवटी, तिच्याच वळणदार अक्षरात, कोचईच्या वड्या.

खाली रिकामी जागा होती, पण लाखोळी लिहायला तिचा हात उठेना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दात कोरत आरामात भिंतीला टेकला होता. पुढच्या वर्षीच्या जेवणासाठी मागून आलेल्या आवाजांत त्याचा आवाजच नव्हता.

"मी विसरली, मनिष," ती घाईघाईनं म्हणाली. "आजकाल माह्या ध्यानात राहतच नाही. खरंच सांगतो बापू, चुकली मी. ने आमाले नागपूरले, आजच ने."

मनिष त्या रिकाम्या ताटलीकडे पाहत होता.

"नाही आई," तो हळूच म्हणाला. "तू चुकत नाही."